रेशीम आणि दुष्काळ



आज आपण एका नाटकाविषयी बोलू. नाटक ऑस्ट्रेलियातले. ‘द टच ऑफ सिल्क’, म्हणजे रेशमाचा स्पर्श. बेटी रोलंड या बाईंनी लिहिलेले हे नाटक 1928 साली मेलबर्नला रंगमंचावर आले. बाईंचा जन्म व्हिक्टोरिया राज्यातल्या कनिवा गावचा, गव्हाच्या मुलखातला. त्यामुळे यातला दुष्काळ ऐकीव वाटत नाही.

जीन ही फ्रान्सची पोरगी. पहिल्या महायुद्धात लढायला आलेल्या जिमशी लग्न करून ती मॅली भागातल्या शेतावर येते. मॅली म्हणजे व्हिक्टोरियाचा वायव्य कोपरा. पाऊस वर्षाकाठी दहा ते चौदा इंच, तोही भरवशाचा नाही. मॅली नावाच्या बुटक्या निलगिरीचे रान मोडून तिथे वावरे केली. बुंधे जमिनीतच राहिले, नांगर मोडू लागले. अशाच रानासाठी शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात 1876 साली बुंध्यावरून उडी घेऊन पुढे जाणारा नांगर निघाला. नांगराचे भागले, पण झाडोरा गेल्यावर माती उघडी पडली. वारा सुटला की वावर उडून घरात यायचे.

अशा घरात जीन नांदते. सासूला ती पसंत नाही. जिम लढाईच्या धक्क्यातून सावरलेला नाही. पैशाची ओढाताण. तेवढ्यात एक फिरता विक्रेता रेशमी कपडे दाखवतो आणि ती घेते. मग संशय, झटापट, आणि जिमच्या हातून त्या विक्रेत्याचा जीव जातो. नवऱ्याची फाशी टळावी म्हणून जीन न केलेल्या बदफैलीची कबुली देते. नवरा वाचेल, पण तिला कायमचा दुरावेल.

बाई उधळी होती, असे म्हणून कुणीही मोकळा होईल. आम्हाला ते पटत नाही. जिमसारख्या हजारो सैनिकांना सरकारने कर्जावर जमिनी दिल्या होत्या. त्यात सरकारचा पैसा का बुडाला याची चौकशी न्यायमूर्ती पाइक यांनी केली. 1929 सालच्या त्यांच्या अहवालात तोटा 2 कोटी 30 लाख पौंडांच्या वर निघाला. कारणे कोणती? हाताशी भांडवल नाही, जमिनीचा तुकडा घर चालण्याइतका नाही, काही माणसे शेतीला नवखी, आणि मालाचे भाव पडलेले. बायकांच्या रेशमाचे नाव त्यात नाही!

कपाशी घरात आली तरी लुगड्याला पैसे उरत नाहीत, हे आपल्या मायबहिणींना नवे नाही. म्हणून आमचे एक मागणे आहे. जीनने ते कपडे घ्यायला हवे होते की नको, हे आधी त्यांनी सांगावे. गडीमाणसांनी नंतर बोलावे.