भित्रा फ्लॅशमन आपल्याला का आवडतो?

आज जॉर्ज मॅकडोनाल्ड फ्रेझरचा फ्लॅशमन. पहिली कादंबरी १९६९ची, त्यात १८४२ची काबूलहून इंग्रजांची माघार. हा पठ्ठ्या एक नंबरचा भित्रा. शरण जायला झेंडा उतरवतो, लोकांना वाटतं जिवापाड जपला! थेट व्हिक्टोरिया राणीच्या हातून पदक.

म्हातारपणी हे सगळं तो स्वतःच लिहितो. स्वतःला सोडत नाही, म्हणून जनरल एल्फिन्स्टनच्या नालायकीबद्दलही मला त्याचंच खरं वाटतं. शूरवीराने लिहिलं असतं तर साहेबाची आरतीच झाली असती ना!

पण ह्याच पुस्तकात तो एका नर्तकीवर बलात्कार करतो, आणि तेही तितक्याच निवांतपणे सांगतो. तिथे हसू घशात अडकतं. पुढे फ्रेझर परत हसवतोच. मला तेच जास्त खटकतं.