अकाऊंट गेलं, तर आधी सांगा

(करमाळा येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सुरुवातीलाच एक विचारतो. तुमच्या फोनमधलं जीमेल कुणी काढून दिलं? स्वतः काढलं असेल त्यांनी हात वर करा. बघा, निम्मेही नाहीत. माझंही तसंच होतं. पहिला फोन घेतला तेव्हा दुकानातल्या मुलानेच ईमेल काढून दिला. पासवर्ड काय, तर माझं नाव आणि पुढे १२३. तो मी कधी बदलला नाही. पुढे इन्स्टाग्राम, फेसबुक, सगळं त्याच ईमेलवर उभं राहिलं.

गेल्या वर्षी एका मित्राच्या अकाऊंटवरून मेसेज आला, 'एका स्पर्धेत मत हवंय, तुला एक कोड येईल तो पाठव.' मी पाठवला. मित्राचं अकाऊंट आधीच दुसऱ्याच्या हातात गेलेलं होतं. थोड्याच वेळात माझंही गेलं. माझा फोटो, माझं नाव आणि खाली 'पैसे दुप्पट' करून देण्याच्या जाहिराती. मी दोन दिवस कुणाला काही बोललो नाही. घरात सगळ्यांना मोबाईल शिकवणारा मी, कुठल्या तोंडाने सांगणार? त्याच दोन दिवसांत माझ्या खालाने माझ्यावर विश्वास ठेवून पाच हजार रुपये पाठवले. कोड दिला ही चूक झालीच, पण गप्प बसलो ही त्याहून मोठी चूक.

नंतर माझ्या मनात एकच विचार घोळत राहिला. त्या माणसाला पैसे हवे होते. त्याने पैशाऐवजी माझ्या नावाने एखाद्या महापुरुषाबद्दल वाईट लिहिलं असतं तर?

हे मी तुम्हाला भीती घालायला सांगत नाही. २ जून २०१४ ला पुण्यात हडपसरला, मूळचा आपल्या सोलापूरचा एक तरुण जमावाने मारला. आयटी कंपनीत नोकरी करायचा. फेसबुकवर फिरलेल्या विटंबनेच्या चित्रांवरून तेव्हा तणाव होता. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री सातारा जिल्ह्यात पुसेसावळीला आक्षेपार्ह पोस्टवरून जमाव मशिदीवर चालून गेला आणि आणखी एका तरुणाचा जीव गेला. त्याच वर्षी त्याच जिल्ह्यात एका मुस्लिम मुलाच्या इन्स्टाग्रामवरून आलेल्या मजकुराचा पोलिसांनी तपास केला, तेव्हा तो दुसऱ्याच तरुणाने टाकल्याचं पुढे आलं. म्हणजे तपास होतो, खरं बाहेर येतं. पण तपासाला दिवस लागतात आणि जमाव तासाभरात गोळा होतो. मधला तो वेळ आपल्याला सांभाळायचा आहे.

म्हणून अकाऊंट गेल्याचं कळलं, की पहिलं काम सांगण्याचं. घरच्यांना सांगा. भावाच्या, मैत्रिणीच्या अकाऊंटवरून जाहीर करा, 'माझं अकाऊंट माझ्या ताब्यात नाही, तिथून काही आलं तर ते माझं नाही.' कॉलेजच्या ग्रुपवर टाका, गल्लीतल्या जाणत्या माणसांना सांगा, हिंदू शेजाऱ्यांना तर आवर्जून सांगा.

दुसरं काम पुराव्याचं. घाबरून अकाऊंट डिलीट करू नका, फोन फॉरमॅट मारू नका. दुसऱ्या फोनवरून स्क्रीनशॉट घ्या. त्यात प्रोफाइलचं नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. कंपनीकडून आलेले ईमेल जपून ठेवा.

तिसरं, ताबा परत घेणं. आधी ईमेल, मग बाकीचं. ईमेल त्याच्या हातात असेल, तर इन्स्टाग्राम सोडवूनही उपयोग नाही, तो पुन्हा आत शिरेल. इन्स्टाग्रामवर कुणी तुमचा ईमेल बदलला, तर जुन्या ईमेलवर तसं कळवणारं पत्र येतं आणि त्यातून तो बदल मागे घेता येतो. ते नसेल तर 'इन्स्टाग्राम डॉट कॉम स्लॅश हॅक्ड' या पानावर जा. फेसबुकचंही असंच पान आहे. व्हॉट्सॲप गेलं असेल तर आपल्या नंबरने पुन्हा नोंदणी करा आणि आलेला सहा अंकी कोड टाका, समोरचा आपोआप बाहेर पडतो. त्याने स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागेल, पण त्या दिवसांत तोही बाहेरच असतो. 'पैसे द्या, अकाऊंट परत आणून देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

चौथं, तक्रार. ती त्याच दिवशी, लेखी द्या आणि पोच घ्या. 'सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन' वर घरबसल्या तक्रार करता येते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. सोलापूर इथून शंभर किलोमीटरच्या वर आहे, पण तक्रारीसाठी तिथे जायलाच पाहिजे असं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षक करू शकतात. दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीने वापरणं हा कलम ६६ क खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. उद्या कुणी बोट दाखवलं, तर तक्रारीवरची ती तारीख आणि वेळ तुमच्या बाजूने बोलेल.

आता आज घरी जाऊन करायची कामं. ईमेलचा पासवर्ड बदला, दुकानदाराला माहीत असलेला एकही ठेवू नका. प्रत्येक अकाऊंटला वेगळा पासवर्ड द्या. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, जमलं तर एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपवर. बॅकअप कोड वहीत लिहून ठेवा. व्हॉट्सॲपमधली 'लिंक्ड डिव्हाइसेस'ची यादी बघा, अनोळखी काही दिसलं तर काढून टाका. बंद पडलेला जुना नंबर अकाऊंटला जोडलेला असेल तर तोही काढा, उद्या तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळेल. आणि हे सगळं अम्मी-अब्बांच्या फोनवरही करा.

शेवटचं. आपलं नाव दुसऱ्याने वापरू नये असं वाटतं, तर दुसऱ्याच्या नावाचा स्क्रीनशॉट आला की आपणही थांबलं पाहिजे. तो मुलगा हिंदू असो की मुस्लिम, फॉरवर्ड करण्याआधी त्याला एक फोन करा. खबर आली की आधी पडताळून पाहा, नाहीतर नकळत कुणाचं नुकसान कराल आणि मग पस्तावाल, हे सूरह हुजुरातमध्ये सांगितलेलंच आहे. आपल्या तालुक्यात सगळे एकमेकांना ओळखतात. फोन नंबर मिळवायला पाच मिनिटं लागत नाहीत.

खालाचे पैसे मी हप्त्याहप्त्याने परत केले. ती एकच म्हणाली, 'बेटा, पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर?' तुमच्यावर ही वेळ आली तर लाजू नका. पहिल्याच दिवशी सांगा.