भीती रोगाची की लाजेची?
(मंगळवार पेठ, कोल्हापूर येथील युवक बैठकीतले भाषण)

दोस्तहो, निरोध नीट वापरला, फाटला न्हाई, तर एचआयव्हीचा धोका जवळजवळ नाहीच. तरी पोरं रात्ररात्र जागतात. ही भीती रोगाची न्हाई, लाजेची हाय. विटाळ शिकवणाऱ्यांनीच ती पेरली.

निरोध फाटला तर ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठा. रोखणाऱ्या गोळ्या २८ दिवस घ्यायच्या. दुसऱ्याच दिवशी तपासणी करून काही कळत नाही. तीन महिन्यांनी निकाल पक्का. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. २०१७ चा कायदा सांगतो : संमतीशिवाय तपासणी नाही, नाव फोडणं नाही.

सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’च्या कामात धंदा करणाऱ्या बायांनीच निरोध वाटले. ज्यांच्या नावानं आपण शिव्या देतो, त्यांनी माणसं वाचवली. मग लाजायचं कुणी?

जय भीम!