उठू नका, की उठायची गरज नाही?

आज तुमच्याशी बोलतेय एक जण, पण हे भाषण लिहिलंय आम्ही सहा जणींनी मिळून. आमच्यातल्या पाच जणी नर्स आहेत आणि एक फिजिओथेरपिस्ट. सगळ्यात धाकटी चोवीस वर्षांची, सगळ्यात मोठी एकेचाळीसची, तिचा मुलगा यंदा दहावीला आहे. ड्यूटी संपवून, घरचा स्वयंपाक उरकून किंवा तसाच टाकून, आम्ही पुण्यात संध्याकाळच्या जर्मनच्या वर्गाला जातो. पुण्याला जर्मन शिकण्याची परंपरा जुनी आहे. पूर्वी ती बरीचशी कॉलेजच्या विद्यार्थ्यांची होती, आता वर्गात आमच्यासारख्या नर्सही दिसतात.

कारण उघड आहे. जर्मनीत नर्स म्हणून पूर्ण मान्यता हवी, तर साधारणपणे बी-टू पातळीपर्यंतचं जर्मन लागतं. ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या, त्यातली ही चौथी. ग्योटे संस्थेच्या बी-टू परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० गुण हवेत. आमच्यातल्या दोघी लेखनात राहिल्या. फी पुन्हा भरली, एकीनं त्यासाठी भिशीचे पैसे आधी उचलले. दोघींचं घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. आज आम्ही त्या ठिकाणाबद्दलच बोलणार आहोत.

जर्मनमध्ये सहा लहान क्रियापदं आहेत. क्योनन म्हणजे शकणे, म्युसन म्हणजे करावंच लागणे, ड्युर्फन म्हणजे परवानगी असणे, झोलन म्हणजे कुणीतरी सांगितलंय म्हणून करायचं असणे, वोलन म्हणजे इच्छा असणे आणि म्योगन म्हणजे आवडणे. ही सहसा एकटी येत नाहीत. ती वाक्यात दुसऱ्या जागी बसतात आणि मुख्य काम सांगणारं क्रियापद थेट शेवटी जातं. इथपर्यंत सोपं आहे.

पहिली ठेच लागते नकारात. आमची एक मैत्रीण आमच्या आधी परीक्षा पास होऊन तिकडे गेली. तिनं फोनवर सांगितलेला प्रसंग आम्ही विसरू शकत नाही. एका आजोबांचं ऑपरेशन झालं होतं, कमरेखालची भूल उतरायची होती. तिला सांगायचं होतं, ‘उठू नका.’ ती म्हणाली, ‘झी म्युसन निश्त आउफश्टेएन.’ आजोबा हसून म्हणाले, ‘असू दे, उठतो मी,’ आणि पाय खाली सोडायला लागले. शेजारची जुनी नर्स धावली म्हणून निभावलं. झालं काय होतं? म्युसनला निश्त लावलं की अर्थ होतो, ‘तुम्हाला उठायची गरज नाही.’ आजोबांना वाटलं, ही पोरगी आपली सोय बघतेय. ‘उठू नका’साठी हवं होतं ड्युर्फन: ‘झी ड्युर्फन निश्त आउफश्टेएन.’

ही चूक तिनं इंग्रजीवरून केली. इंग्रजीत ‘मस्ट नॉट’ म्हटलं की मनाई होते. म्युसन म्हणजे मस्ट, हे तिनं पाठ केलं होतं. मराठीवरून गेली असती तर चुकली नसती. ‘उठावं लागणार नाही’ आणि ‘उठू नका’ यांत आपल्या घरातलं चार वर्षांचं पोरही घोळ घालत नाही! त्या दिवसापासून आम्ही ठरवलं, वहीत जर्मनसमोर इंग्रजी नाही, मराठी लिहायचं.

दुसरी ठेच भूतकाळाची. बोलताना जर्मन लोक या क्रियापदांचा साधा भूतकाळच जास्त वापरतात: मुस्टे म्हणजे लागलं, कोन्टे म्हणजे करता आलं, डुर्फ्टे म्हणजे परवानगी होती. डोक्यावरची दोन टिंबं इथे उडतात, हे मात्र लक्षात ठेवायचं. ‘कोन्टे’ म्हणजे जमलं होतं आणि टिंबांसकट ‘क्योन्टे’ म्हणजे जमू शकेल. दोन टिंबांसाठी आमचे किती गुण गेले, विचारू नका!

पण लेखनात आणि ऐकण्यात दुसरं रूपही येतं. ‘मला काम करावं लागलं’ हे ‘इश हाबे आर्बाइटन म्युसन’ असंही म्हणतात. इथे एरवीच्या भूतकाळासारखा ‘गे’ लागत नाही. दोन्ही क्रियापदं मूळ रूपात एकापाठोपाठ शेवटी उभी राहतात, मोठं आधी आणि मदतनीस नंतर. शिवाय येणे-जाणे अशा क्रियापदांना एरवी ‘झाइन’ची जोड लागते, पण मदतनीस आला की कायम ‘हाबन’.

वाक्यात ‘कारण’ किंवा ‘की’ आलं, तर एरवी जर्मनमध्ये रूप बदलणारं क्रियापद अगदी शेवटी जातं, आपल्या मराठीसारखं. पण ही दोघं आधीच शेवटी बसलेली असतील, तर ‘हाबे’ला त्यांच्या आधी बसावं लागतं: ‘...वाइल इश निश्त हाबे कोमन क्योनन’, म्हणजे ‘कारण मला येता आलं नाही.’ आमच्या बाईंनी हे फार छान समजावलं. घरात जी रोज सगळ्यांच्या शेवटी जेवते, तिला आज दोन पाहुण्यांच्या आधी पानावर बसवायचं. वर्गात सगळ्या हसल्या आणि नियम डोक्यात पक्का बसला.

आता खरा डोंगर. ही चार वाक्यं ऐका.

‘झी हाट कोमन म्युसन’: तिला यावं लागलं.
‘झी हेटे कोमन झोलन’: तिनं यायला हवं होतं.
‘झी मुस गेकोमन झाइन’: ती आली असणार.
‘झी झोल गेकोमन झाइन’: ती आली म्हणे.

शब्द जवळपास तेच, पण पहिल्या वाक्यात ती आली. दुसऱ्यात आलीच नाही. तिसऱ्यात आपला अंदाज आहे, चौथ्यात ऐकीव बातमी. ओळखायची खूण अशी: शेवटी दोन मूळ रूपं असतील, तर ते घडलेल्या किंवा राहून गेलेल्या गोष्टीबद्दल आहे. शेवटी ‘गे’वालं रूप आणि त्यामागे झाइन किंवा हाबन असेल, तर बोलणारा अंदाज किंवा ऐकीव माहिती सांगतोय. वोलनचीही अशीच गंमत आहे. ‘एर विल निश्ट्स गेझेएन हाबन’ म्हणजे ‘आपण काही पाहिलंच नाही, असं तो म्हणतो.’ खरं-खोटं त्याचं त्याला ठाऊक!

आता हे वॉर्डात नेऊन बघा. ड्यूटी बदलताना आधीच्या पाळीची नर्स सांगते, ‘डी कोलेगिन झोल डी टाब्लेटे गेगेबन हाबन.’ म्हणजे सहकारणीनं गोळी दिली म्हणे, चार्ट बघून खात्री करा. आणि ती म्हणाली, ‘डी कोलेगिन हेटे डी टाब्लेटे गेबन झोलन,’ तर सहकारणीनं गोळी द्यायला हवी होती, पण दिलेली नाही. यातला फरक कळला नाही, तर पेशंटला एकच गोळी दोनदा जाईल किंवा जाणारच नाही. आम्हाला व्याकरणाची खरी भीती तेव्हा वाटली, आणि खरी गोडीही तेव्हाच लागली.

एक दिवस बाईंनी सांगितलं, ‘हेटे’ वापरून स्वतःबद्दल एकेक वाक्य लिहा. आमच्या एकेचाळीसच्या मैत्रिणीनं लिहिलं, ‘इश हेटे फ्र्युअर आनफांगन क्योनन.’ मी आधी सुरुवात करू शकले असते. दुसरीनं लिहिलं, मी आईजवळ राहायला हवं होतं. तिची आई गेली, त्या रात्री ती दुसऱ्याच्या आईची नाइट ड्यूटी करत होती. तिनं वाक्य वाचलं आणि वर्ग गप्प झाला. थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, ‘वाक्य बरोबर आहे.’ आणखी काही बोलल्या नाहीत.

घरी येताना बसमध्ये आमचं यावरच बोलणं झालं. उद्या तिकडे रात्री दोन वाजता एखादी मुलगी आपल्या आईच्या पलंगाशी बसून हेच वाक्य आम्हाला ऐकवेल: मी हिला आधी आणायला हवं होतं. त्या वेळी आम्हाला ते चार्टवरच्या माहितीसारखं ऐकून चालणार नाही. तिच्या मनाला काय लागलंय, ते कळायला हवं. आणि मराठीत आपण अशा बाईच्या पाठीवर हात ठेवून जे बोलतो, ते जर्मनमध्ये बोलता यायला हवं. ‘झी कोन्टन एस निश्त विसन.’ तुम्हाला ते कळणं शक्य नव्हतं.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी ही वाट धरली असेल, तर आमच्या अनुभवाचे तीन बोल. आधी मुस्टे, कोन्टे, डुर्फ्टे तोंडात बसवा, बोलणं त्यावर निभतं. लांब वाक्यं नुसती वाचू नका, मोठ्यानं म्हणा. आम्ही पोळ्या लाटताना म्हणतो, घरचे हसतात, हसू दे. आणि जिथे अडाल तिथे आधी मराठीला विचारा. ‘आली असणार’, ‘आली म्हणे’, ‘यायला हवी होती’ हे सगळे बारकावे आपल्याला आईनं कधीच शिकवलेत. नवीन आहेत ते फक्त शब्द आणि त्यांच्या जागा.

लेखनात राहिलेल्या आमच्या दोघी पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षेला बसतायत. त्यांच्यासाठी आणि वाट पाहणाऱ्या सगळ्याच जणींसाठी शुभेच्छा द्या.