मालवलेला दिवा

अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या किनाऱ्याने मोटारीतून उत्तरेस निघालेला प्रवासी सकाळी हेसेटा हेडचे दीपगृह पाहतो. कड्यावरील ती ज्योत १८९४ साली प्रथम पेटली. दुपारी तो न्यूपोर्टला येतो. तेथे टेकडीवर एक लाकडी घर असून त्याच्या छपरावरच दीपगृहाचा दिवा आहे. १८७१ साली लावलेला हा दिवा १८७४ सालीच मालविण्यात आला; कारण जवळच याक्विना हेडवर १८७३ साली ९३ फूट उंचीचा मनोरा उजळला होता. पुढे हे घर पाडावयाचे ठरले. गावकऱ्यांच्या आग्रहाने ते वाचले आणि १९९६ साली दिवा पुन्हा लागला.

सायंकाळी प्रवासी त्या उंच मनोऱ्यापाशी पोहोचतो. त्याची उंची मन दिपविते. परंतु परतताना स्मरणात राहतो तो टेकडीवरचा धाकटा दिवा. अवघी तीन वर्षे घडलेली सेवाही गावाने वाया गेली असे मानले नाही.