माळ्याची परीक्षा

घरांत माणसें वाढतात, भिंती मात्र वाढत नाहींत. मुलाचें लग्न ठरलें किंवा नातीची शालान्त परीक्षा जवळ आली, कीं घरांतील वडील माणसाची दृष्टि आढ्याकडे जाते. कोंकणांतील कौलारू घराच्या माळ्यावरील नारळ, भाताचीं पोतीं व जुनीं भांडीं हलविलीं, कीं एक खोली पदरांत पडली, असा हिशेब आपण मांडतों. परंतु त्यांत एक गोष्ट राहून जाते. माळा बांधलेला असतो सामानासाठीं. राष्ट्रीय इमारत संहिताहि माळा ही साठवणीचीच जागा मानते. सामानाला श्वास लागत नाहीं, आणि आग लागली असतां त्याला पळावयाचें नसतें. म्हणून माळ्याच्या स्वाधीन माणूस करण्यापूर्वीं त्याची तीन विषयांत परीक्षा घ्यावी.

पहिला विषय भाराचा. १९८७ सालच्या भारतीय मानक ८७५ प्रमाणें राहत्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरास सुमारें २०० किलो भार धरतात. तुळईचीं टोकें चिऱ्याच्या भिंतींत शिरतात तेथेंच ओल मुरते व वाळवी लागते. तीं टोकें टोकदार सळईनें टोंचून पाहावीं आणि तुळईवर हातोडी ठोकून नाद ऐकावा. नाद पोकळ आला, तर जाणत्या अभियंत्यास दाखविल्यावांचून पुढें जाऊं नये. नवी तुळई घालावयाची झाल्यास एक नियम ध्यानांत असावा: रुंदी दुप्पट केली तर बळ दुप्पट होतें, उंची दुप्पट केली तर चौपट. म्हणून तुळई निजवूं नये, उभ्या बाजूवर बसवावी. पुस्तकांचें कपाट मध्यावर न ठेवतां भिंतीलगत ठेवावें.

दुसरा विषय हवेचा. ऊन हवा वर चढते आणि कौलेंहि तापलेलीं असतात. यास्तव दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत समोरासमोर खिडक्या पाडाव्या. कौलांखालीं फळ्यांचें छत करावें आणि दोहोंमधील पोकळी वारा खेळण्यास मोकळी ठेवावी. कांचेचें कौल बसवावयाचें तर उत्तरेच्या उतारावर बसवावें. उजेड मिळतो आणि ऊन कमी येतें.

तिसरा विषय वाटेचा. शिडी ही सामानाची वाट, माणसाला जिना हवा. राहत्या घरांत पायरीची उंची १९ सेंटिमीटरांहून अधिक नसावी आणि पाऊल ठेवण्याची जागा २५ सेंटिमीटरांहून कमी नसावी, असें संहिता सांगते. कठडा अवश्य हवा. जिना स्वयंपाकघरांतून काढूं नये. चुलीजवळ पेट घेतल्यास वरच्या माणसाची एकुलती वाट तीच बंद होते.

श्रोतेहो, माळ्यावर बहुधा घरांतील लहान किंवा नवें माणूस पाठविलें जातें, म्हणजे ज्याला नाहीं म्हणवत नाहीं तें. याकरितां सर्व कामें पुरीं झाल्यावर घरच्या कर्त्या पुरुषानें वैशाखांतील एक दुपार व एक रात्र तेथें स्वतः काढावी. त्याला झोंप लागली, तरच तेथें इतरांचें अंथरूण घालावें.