गादीचा वारस घडवावा लागतो



उत्तर प्रदेशातील हापुड येथे घरच्या पादत्राणांच्या दुकानात व्यापाराचे पहिले धडे गिरविणाऱ्या श्री. राम चरण यांनी पुढे हार्वर्डची डॉक्टरेट मिळविली आणि ते मोठमोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांचे सल्लागार झाले. २००१ साली दोन सहलेखकांसह लिहिलेल्या ‘द लीडरशिप पाइपलाइन’ या ग्रंथाचे मर्म असे : वरची पायरी चढताना नवी कौशल्ये, वेळेची नवी विभागणी व कामाविषयीची नवी मूल्ये अंगी बाणवावी लागतात. उत्तम विक्रेता आपोआप उत्तम व्यवस्थापक होत नाही.

आपल्या पेढीवरही मुलगा कापड बिनचूक मोजतो. परंतु खरेदीचा निर्णय व उधारीची जोखीम आपण त्याच्यावर कधी सोपवितो? केवळ किल्ल्या हाती देणे म्हणजे उत्तराधिकार नव्हे. आपण पाठीशी असतानाच त्याला निर्णय घेऊ द्यावा, एवढीच नम्र विनंती.